डीव्हीडी चालते, सीडी चालत नाही : एका ऑप्टिकल ड्राइव्हचे प्रकरण

तक्रार

संगणक डेस्कटॉप, विंडोज १०, ड्राइव्ह सव्वापाच इंची साटा डीव्हीडी रायटर. जुन्या सीडी-आर डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रे हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची होती. सीडी घातली की ट्रे व्यवस्थित आत जातो, दिवा लुकलुकतो, डिस्क फिरल्याचा आवाज येतो, ती थांबते, पुन्हा फिरते. असे दोन-तीनदा होते आणि शेवटी ‘ड्राइव्हमध्ये डिस्क घाला’ असा संदेश येतो. डिस्क तर आतच आहे. त्याच ड्राइव्हमध्ये सिनेमाची डीव्हीडी मात्र विनातक्रार चालते.

ही तक्रार नेहमीची आहे आणि तिच्यावर चुकीचे उपायही नेहमीचेच होतात. इथेही बरेच आधीच करून झाले होते. रजिस्ट्रीतल्या अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नोंदी काढल्या होत्या, डिव्हाइस मॅनेजरमधून ड्राइव्ह काढून पुन्हा ओळखवला होता, साटा केबल बदलली होती, शेवटी विंडोजही नव्याने टाकली होती. फरक शून्य. लेन्स साफ करणारी ब्रशवाली सीडीही आणली होती, पण ती सीडी असल्यामुळे ड्राइव्हने तिलाही ओळखले नाही!

यातला एकही उपाय लागू पडणार नव्हता, आणि ते डीव्हीडी चालते एवढ्यावरूनच कळायला हवे होते. संगणकाच्या बाजूने सीडी आणि डीव्हीडी यांचा रस्ता एकच. केबल तीच, पोर्ट तेच, ड्रायव्हर तोच. फिल्टरच्या नोंदी बिघडल्या तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हपुढे पिवळी खूण येते, कोड १९ किंवा ३९ दिसतो आणि फाइल एक्सप्लोररमधून ड्राइव्हच नाहीसा होतो. इथे ड्राइव्ह दिसत होता, उघडत होता, डीव्हीडी वाचत होता.

मात्र ‘डीव्हीडी चालते’ हे सिनेमा पाहून ठरवू नये. प्लेअर चुका गिळून पुढे जातो, चित्र क्षणभर अडखळते एवढेच. म्हणून भरलेली, सुमारे ४.३ जीबी माहितीची डीव्हीडी-आर घेऊन ती सगळी हार्ड डिस्कवर कॉपी केली. मध्ये न थांबता पाच-सात मिनिटांत काम झाले आणि इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये सीडीरॉमच्या नावाने काही आले नाही. तिथे ‘बॅड ब्लॉक’ची नोंद, म्हणजे क्रमांक ७, दिसली तर बहुधा डिस्क किंवा लेन्सकडे बोट जाते. कंट्रोलरच्या चुकीची नोंद, क्रमांक ११, वारंवार असेल तर केबल आणि पोर्ट पाहावे. इथे दोन्ही नव्हत्या, तेव्हा केबलचा विषय संपला.

वीजपुरवठ्याचाही संपला, पण त्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. सव्वापाच इंची ड्राइव्हला ५ आणि १२ असे दोन व्होल्टेज लागतात. इलेक्ट्रॉनिक्स मुख्यतः ५ व्होल्टवर चालते, मोटरची ताकद १२ व्होल्टमधून येते. फक्त १२ व्होल्टची पिवळी तार सुटली असेल तर ड्राइव्ह संगणकात नीट दिसतो, पण डिस्क फिरत नाही. मल्टिमीटरवर १२ च्या जागी ११.४ ते १२.६ आणि ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५ यांच्या आत आकडा हवा. इथे दोन्ही आकडे आत होते.

विंडोजवरचा उरलासुरला संशय पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून काढला. तिथे डीव्हीडी लगेच माउंट झाली आणि सीडीला ‘नो मीडियम फाउंड’ असे उत्तर आले. हे उत्तर महत्त्वाचे आहे. डिस्क ओळखली पण वाचता आली नाही, तर ड्राइव्ह ‘मीडियम एरर’ कळवतो. इथे ड्राइव्ह स्वतःच सांगत होता की आत डिस्कच नाही. म्हणजे गाडी वाचनापर्यंत पोचतच नव्हती, ओळखण्याच्या पायरीवरच अडत होती.

कोणती डिस्क चालते, कोणती नाही

खरी तपासणी स्क्रू ड्रायव्हरने होत नाही, डिस्कच्या गठ्ठ्याने होते. वेगवेगळ्या जातीच्या, दुसऱ्या ड्राइव्हवर नीट वाचल्या जातात अशी खात्री असलेल्या डिस्क घ्याव्यात आणि एकेक घालून पाहावी. तक्रारीतल्याच डिस्क चाचणीला वापरल्या तर दोष डिस्कचा की ड्राइव्हचा हे कधीच कळत नाही.

कारखान्यात छापलेली एका थराची डीव्हीडी, घरी लिहिलेली डीव्हीडी-आर आणि दोन थरांची सिनेमाची डीव्हीडी या तिन्ही पहिल्या फटक्यात ओळखल्या गेल्या. दोन थरांची डीव्हीडी ही चांगली कसोटी आहे. एका थराची डिस्क ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत पाठवते, दोन थरांची फक्त १८ ते ३०. ती चालली याचा अर्थ डीव्हीडीच्या बाजूला प्रकाश भरपूर आहे.

सीडीच्या बाजूला चित्र पायरीपायरीने बिघडत गेलेले दिसले. छापलेली गाण्यांची सीडी कधी ओळखली जायची, कधी नाही. ओळखली गेलीच तर काही मिनिटांनी अडायची. सीडी-आर क्वचित. सीडी-आरडब्ल्यू एकदाही नाही. छापलेली सीडी ७० टक्के किंवा अधिक प्रकाश परत देते, सीडी-आर साधारण ६५ च्या पुढे, आणि सीडी-आरडब्ल्यू अवघा १५ ते २५. जितका प्रकाश कमी परत येतो तितकी डिस्क जास्त अडते, आणि हे फक्त सीडीच्या बाबतीत घडते. एवढ्यावर निदान जवळजवळ झालेच.

एकाच ड्राइव्हमध्ये दोन लेझर

डीव्हीडी ड्राइव्हच्या पिकअपमध्ये, म्हणजे लेन्स बसवलेल्या सरकत्या भागात, दोन वेगळे लेझर डायोड असतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. बऱ्याच ड्राइव्हमध्ये हे दोघे एकाच इवल्याशा डबीत बसवलेले असतात आणि बाहेर लेन्स एकच दिसते, त्यामुळे आत दोन स्वतंत्र प्रकाशस्रोत आहेत हे लक्षात येत नाही. एक म्हातारा होतो, दुसरा ठणठणीत राहतो.

लाल लेझरने सीडी वाचून का चालत नाही? छापलेली सीडी काही प्रमाणात वाचता येतेही. अडचण सीडी-आरची आहे. तिच्यावर माहिती खड्ड्यांच्या रूपात नसते, सेंद्रिय रंगाच्या थरात असते, आणि तो रंग ७८० नॅनोमीटरला नीट उत्तर देईल असाच निवडलेला असतो. ६५० नॅनोमीटरचा प्रकाश तो थर बराचसा शोषून घेतो. एकच लाल लेझर असलेल्या सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरना छापलेल्या सीडी चालत आणि सीडी-आर चालत नसत, ते याच कारणाने. दुसरा डायोड त्यासाठीच आला.

अंतराचाही फरक आहे. सीडीत माहितीचा थर १.२ मिमी प्लॅस्टिकच्या पलीकडे, लेबलच्या अगदी खाली असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिमीवर, दोन पातळ चकत्यांच्या मध्ये. डिस्क घातली की ड्राइव्ह लेन्स खालीवर हलवतो, कुठल्या उंचीवर किती प्रकाश परत येतो ते पाहतो आणि आत काय आहे ते ठरवतो. सीडीचा लेझर मंद असेल तर परत येणारा प्रकाश ठरलेल्या मर्यादेखाली राहतो, आणि ड्राइव्ह निष्कर्ष काढतो की ट्रे रिकामा आहे. तो दोन-तीनदा प्रयत्न करतो, म्हणून डिस्क फिरते, थांबते, पुन्हा फिरते.

लेन्सवर धूळ असती तर? लेन्स दोघांना सामायिक आहे. धुळीचा फटका डीव्हीडीलाही बसला असता, आणि सगळ्यात आधी दोन थरांच्या डीव्हीडीला. तसे झाले नव्हते.

तापमानाची चाचणी

निदान पक्के करायला आणखी एक सोपी चाचणी आहे, आणि आश्चर्य म्हणजे ती फारसे कोणी करत नाही. संगणक रात्रभर बंद ठेवला. चालू केल्याबरोबर छापलेली सीडी घातली. ती ओळखली गेली आणि फाइली कॉपी होऊ लागल्या. अर्ध्या तासाने, ड्राइव्ह आतून तापल्यावर, तीच सीडी काढून पुन्हा घातली तर ‘डिस्क घाला’. मधल्या वेळात डीव्हीडी घातली तर ती व्यवस्थित. तासभर बंद ठेवून पुन्हा चालू केले की सीडी परत ओळखली गेली.

लेझर डायोडला प्रकाश द्यायला सुरुवात करण्यासाठी किमान एक करंट लागतो. तापमान वाढले की तो वाढतो, आणि डायोड झिजला की आणखी वाढतो. ड्राइव्हमधले स्वयंचलित नियंत्रण प्रकाश कायम राखण्यासाठी करंट वाढवत जाते, पण त्यालाही मर्यादा आहे. नवा डायोड या मर्यादेच्या कितीतरी आत चालतो. झिजलेला थंड असताना जेमतेम आत असतो आणि तापल्यावर बाहेर जातो. धूळ तापमानाप्रमाणे कमीजास्त होत नाही, केबलही नाही. मोटर किंवा बेअरिंग तापून अडत असते तर गरम अवस्थेत डीव्हीडीनेही कुरकुर केली असती.

हा संगणक बरीच वर्षे गाणी ऐकायला वापरला गेला होता आणि त्यात सीडी बहुतेक वेळ घातलेलीच असे. सीडीच्या डायोडचे तास भरले, डीव्हीडीच्या डायोडचे नाहीत.

तरीही उघडून पाहिले

ड्राइव्ह बदलायचा हे ठरलेच होते. पण लेन्स साफ करायला फुकटचे अर्धा तास लागतात आणि निदानावरचा शेवटचा संशय जातो, म्हणून ते केले.

ट्रे आधी बाहेर काढून ठेवावा. चालू असताना बटणाने, किंवा संगणक बंद करून पुढच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप घालून. पेपरक्लिपचा उपाय ड्राइव्ह चालू असताना करू नये, आत डिस्क वेगात असू शकते. ५२एक्स वेगाला सीडी मिनिटाला सुमारे १०,००० फेरे मारते. मग वीज काढून ड्राइव्ह कॅबिनेटबाहेर घ्यावा. ट्रेच्या तोंडावरची पट्टी खालून वर ढकलली की निघते. पुढचे प्लॅस्टिकचे तोंड बाजूच्या आणि खालच्या खिट्ट्या दाबून सुटते. ड्राइव्ह उलटा करून तळाचे चार स्क्रू काढले की खालचे पत्र्याचे झाकण निघते आणि सर्किट बोर्ड दिसतो. लेन्स वरच्या बाजूने, ट्रे पुढे ओढल्यावर, हाताशी येते.

लेन्स अतिशय बारीक तारांवर टांगलेली असते. आधी रबरी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवावी. कॅनमधल्या दाबाच्या हवेची तोटी जवळ नेली तर तारा वाकतात. नंतर ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी किंचित ओली करून, लेन्सवर भार न देता, मध्यापासून कडेकडे हलकेच फिरवावी. काडी ठिबकत असेल तर अल्कोहोल लेन्सच्या खाली उतरते आणि आतल्या आरशावर डाग पडतो. मग दुसरी कोरडी काडी. काही मिनिटे वाळू द्यावी. झाकण उघडे असताना वीज जोडायची नाही. बंद ड्राइव्ह सुरक्षित असतो, पण रायटरच्या आतला लेझर डोळ्याला इजा करण्याइतका जोरदार असतो आणि ७८० नॅनोमीटरचा किरण जवळजवळ दिसतही नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही.

साफसफाईनंतर ड्राइव्ह जोडला आणि एक सीडी-आर ओळखली गेली! हाच तो क्षण, जिथे बरेच जण फसतात. लेन्सवर थोडी धूळ होती, ती गेल्यावर प्रकाश चिमूटभर वाढला आणि थंड डायोड मर्यादेच्या वर आला. अर्ध्या तासात परत तेच. लेन्स पुसून झालेली सुधारणा ड्राइव्ह तापल्यावरही टिकते का, हे पाहिल्याशिवाय दुरुस्ती झाली असे मानू नये.

पिकअपवर लेझरचा करंट ठरवणारे छोटे फिरते स्क्रू काही ड्राइव्हमध्ये असतात. ते थोडे फिरवले की सीडी चालू लागते, असा सल्ला हमखास मिळतो. चालू लागतेही. पण झिजलेल्या डायोडला आणखी करंट देणे म्हणजे उरलेले आयुष्य काही तासांत संपवणे, आणि रायटरमध्ये लिहिण्याच्या शक्तीचे मोजमापही त्याने बिघडते. सुटा पिकअप मिळाला तरी तो घालणे परवडत नाही, कारण त्याचा कल आणि करंट त्या विशिष्ट ड्राइव्हशी जुळवून घ्यावा लागतो. थोडक्यात, हा भाग दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये.

बदली

नवा सव्वापाच इंची साटा रायटर बसवणे किरकोळ काम आहे. वीज बंद, बाजूचे झाकण काढायचे, जुन्या ड्राइव्हची ७ पिनांची डेटा केबल आणि १५ पिनांचा वीज कनेक्टर सोडवायचा, बाजूचे एम३ स्क्रू काढून ड्राइव्ह पुढच्या बाजूने ओढायचा. हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू इथे वापरू नयेत, आटे खराब होतात. नवा बसवल्यावर बायोसमध्ये नाव दिसते का पाहायचे. विंडोजला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

कॅबिनेटमध्ये जागा नसेल तर यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह चालतो, पण तो मागच्या पोर्टला थेट लावावा. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळणे अपेक्षित असते आणि डिस्क फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त लागू शकते. लांब एक्स्टेन्शन किंवा वीज नसलेला हब मध्ये असला की ड्राइव्ह टकटक करतो आणि मध्येच नाहीसा होतो. मग पुन्हा तीच शंका, ‘हाही खराब निघाला’.

तरीही न वाचल्या गेलेल्या सीडी

नव्या ड्राइव्हवर गठ्ठ्यातल्या बहुतेक सीडी-आर सरळ उतरल्या. तीन राहिल्या, आणि प्रत्येकीचे कारण वेगळे होते. एकाच वेळी दोन प्रकारचे दोष हाती आल्यामुळेच आधीचा शोध इतका भरकटला होता.

पहिलीवर खालच्या बाजूने ओरखडे होते. सीडीतली चूकदुरुस्ती माहिती विखरून ठेवते, त्यामुळे वाटेवरचा सुमारे अडीच मिमीचा सलग तुकडा गेला तरी ती पूर्ण भरून काढता येते. म्हणूनच सीडी मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही. गोल ओरखडा वाटेला समांतर जातो आणि त्याच मार्गावरचा लांब तुकडा खातो. अशा डिस्कसाठी लिनक्समधले डीडीरेस्क्यू वापरले. सेक्टरचा आकार २०४८ बाइट ठेवला. पहिल्या फेरीत अवघड भाग सोडून सोपे तेवढे घेतले, दुसऱ्या फेरीत राहिलेल्या सेक्टरवर तीनदा प्रयत्न केला. ८० मिनिटांच्या सीडीत असे ३,६०,००० सेक्टर असतात. पहिल्या फेरीअखेर त्यातले थोडेच बाकी होते. दुसऱ्या फेरीला ड्राइव्हचा वेग ८एक्सवर आणला, कारण वेगात डिस्क थरथरते आणि लेन्सला वाट धरून ठेवता येत नाही. तरीही काही सेक्टर हटले नाहीत, तेव्हा तीच मॅप फाइल घेऊन डिस्क दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घातली. प्रत्येक ड्राइव्ह वेगळ्या सेक्टरवर अडतो, त्यामुळे दोघांत मिळून काम पूर्ण झाले. गाण्यांच्या सीडीला ही पद्धत लागू नाही, तिच्यात २०४८ बाइटचे डेटा सेक्टरच नसतात. तिला ऑडिओ रिपर लागतो.

दुसरी सीडी विंडोजला रिकामी दिसत होती. उजेडात तिरकी धरली तर खालच्या बाजूला मध्याजवळ लिहिलेला पट्टा स्पष्ट दिसत होता, म्हणजे माहिती होती. ती लिहिताना सेशन बंद केलेले नव्हते. सेशन बंद होताना डिस्कच्या आतल्या कडेला अनुक्रमणिका लिहिली जाते. ती नसेल तर साध्या ड्राइव्हला माहिती कुठे सुरू होते हे कळत नाही. रायटरला मात्र लिहिताना ठेवलेली तात्पुरती नोंद वाचता येते. आयसोबस्टरने ट्रॅक शोधून फाइली बाहेर काढल्या. अशा डिस्कवर ‘डिस्क बंद करा’ हा पर्याय लगेच दाबू नये. त्याने डिस्कवर नवे लिखाण होते. आधी प्रत काढावी.

तिसरीवर चिकटवलेले कागदी लेबल होते आणि त्याच्या एका कोपऱ्याबरोबर चकाकणारा थर निघून आला होता. प्रकाशाकडे धरल्यावर तिथून आरपार दिसत होते. सीडीत माहितीचा आणि परावर्तनाचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेचे पातळ आवरण, त्यामुळे वरच्या बाजूचा ओरखडा खालच्यापेक्षा कितीतरी घातक. खालचा ओरखडा पॉलिश करून जातो, इथे पॉलिश करायला काही उरतच नाही. निघालेला भाग बाहेरच्या कडेला होता आणि सीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे आतल्या बाजूच्या फाइली डीडीरेस्क्यूने मिळाल्या. बाहेरच्या गेल्या. उरलेले लेबल सोलून काढण्याचा मोह टाळला आणि बाकीच्या लेबल लावलेल्या सीडींची प्रत आधी काढून घेतली.

जुना ड्राइव्ह टाकून दिला नाही. डीव्हीडी तो अजून नीट वाचतो, म्हणून त्यावर ‘फक्त डीव्हीडी’ अशी चिठ्ठी लावून तो दुसऱ्या संगणकात बसवला.